धावपट्टीचे गणित आणि पेण-रोह्याची जमीन

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. रायगड जिल्ह्याच्या भूमीवर उभा राहिलेला हा विमानतळ पेणहून तासाभराच्या अंतरावर आहे. निदान नकाशावर तरी आहे. कारण ज्या पनवेल-इंदापूर रस्त्याचे चौपदरीकरण २०११ साली हाती घेण्यात आले, तो रस्ता पुढे दशकभर आणि त्याहूनही अधिक काळ रखडत राहिला. पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड या मार्गाने पावसाळ्यात प्रवास केलेल्या माणसाला या काळाची लांबी कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

मोठा विमानतळ आला की त्याच्या छायेत लहान विमानतळांची स्वप्ने उगवू लागतात. जिल्ह्याला एक धावपट्टी असावी, औद्योगिक वसाहतीला विमानाची सोय असावी, पर्यटन वाढावे, अशी भाषा महाराष्ट्रात नवी नाही. धाटावची औद्योगिक वसाहत, दिघीचे बंदर, अलिबाग-मुरुडचा किनारा ही नावे एका वाक्यात गुंफली की रोह्याच्या आसपास ‘छोटासा’ विमानतळ का नको, हा प्रश्न आपोआप तयार होतो. तो औपचारिकपणे दारात येण्यापूर्वीच कार्यकर्त्यांनी त्याचे गणित तपासून ठेवणे इष्ट होय. अशा प्रश्नांत सरकारी यंत्रणेचे बळ तिच्या सत्तेइतकेच तिच्या तांत्रिक भाषेत असते. सभेत एखादा अभियंता ‘क्षमता’, ‘मागणी’, ‘आराखडा’ असे चार शब्द उच्चारतो आणि पन्नास वर्षे शेती केलेला माणूस गप्प बसतो. वास्तविक या शब्दांमागचे गणित सातवीच्या मुलालाही मांडता येण्याजोगे आहे.

धावपट्टीची क्षमता म्हणजे एका तासात तिच्यावर किती विमाने उतरू आणि उडू शकतात, ती संख्या. एक विमान धावपट्टी किती वेळ अडवून ठेवते आणि दोन विमानांमध्ये किती अंतर राखावे लागते, यांवर ती ठरते. उतरलेल्या विमानाला चटकन बाजूला होता यावे म्हणून धावपट्टीला समांतर असा दुसरा मार्ग असेल, तर संख्या वाढते. तो नसेल तर विमानाला धावपट्टीवरच वळून उलट यावे लागते आणि तोवर मागचे विमान आकाशात घिरट्या घालते. मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत; पण त्या एकमेकींना छेदत असल्यामुळे एका वेळी व्यवहारात एकीचाच उपयोग होतो. तरीही तेथे तासाला ४६ उड्डाणे-अवतरणे होत आली आहेत आणि २०१८ च्या डिसेंबरमध्ये एका दिवसात हजाराहून अधिक विमानांची ये-जा झाली. लंडनजवळच्या गॅटविक विमानतळाने प्रत्यक्षात एकाच धावपट्टीवर २०१९ साली साडेचार कोटींहून अधिक प्रवासी हाताळले. धावपट्टी ही एवढी राबणारी वस्तू आहे.

आता हेच माप लहान विमानतळाला लावून पाहावे. समांतर मार्ग नाही, विमानाला धावपट्टीवरूनच परतावे लागते, म्हणून तासाला फार तर आठ हालचाली होतील असे धरले आणि विमानतळ दिवसाचे दहा तास उघडा ठेवला, तर दिवसाला ८० हालचाली होतात. सत्तर आसनांचे विमान धरले तर निम्म्या, म्हणजे ४० उड्डाणांत २,८०० माणसे बाहेर जाऊ शकतात. पेण आणि रोहा या दोन्ही नगरांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार एकत्रित साठ हजारांच्या आसपास आहे. याचा अर्थ, जिला नियोजनकार ‘लहान’ म्हणतात त्या धावपट्टीवरून तान्ह्या मुलांसह ही दोन्ही गावे तीन आठवड्यांत उडून जातील! चौथ्या आठवड्यात धावपट्टीने काय करावे, हा प्रश्न उरतोच.

हा विनोद वाटेल. पण लहान विमानतळाच्या नियोजनातले मुख्य सत्य त्यात आहे. तेथे धावपट्टीची क्षमता कधीच अपुरी पडत नाही. अपुरे पडते ते दुसरेच काही. विमाने उभी करण्याची जागा दोनच विमानांची असते, रात्रीचे दिवे नसतात, इंधनाची सोय नसते, हवामान बिघडल्यावर वैमानिकाला वाट दाखवणारी यंत्रे नसतात, अग्निशमनाची माणसे एकाच पाळीपुरती असतात. आणि सर्वांत अपुरा पडतो तो प्रवासी. अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाच्या नियोजन-संकेतांत असे धरले जाते की क्षमतेचा साठ टक्के वापर होऊ लागला की विस्ताराचा विचार सुरू करावा आणि ऐंशी टक्क्यांच्या सुमारास बांधकामाला हात घालावा. आपल्याकडे क्षमतेचा दोन टक्के वापरही न झालेल्या धावपट्ट्यांच्या विस्ताराच्या घोषणा होतात. कारण येथे विस्तार मागणीमागून येत नाही, निवडणुकीमागून येतो.

मग जमीन किती लागते? लांबीचेही गणित अगदी साधे आहे. प्रत्येक विमानाला समुद्रसपाटीवर, पंधरा अंश तापमानात उडण्यासाठी ठराविक लांबी लागते. आंतरराष्ट्रीय संकेतानुसार समुद्रसपाटीपासूनच्या प्रत्येक ३०० मीटर उंचीसाठी ती सात टक्क्यांनी आणि प्रमाण तापमानाहून अधिक असलेल्या प्रत्येक अंशासाठी एक टक्क्याने वाढवावी लागते. रोह्याची उंची जवळजवळ शून्यच. पण कोकणातला उन्हाळा पस्तिशीला टेकणारा. म्हणजे लांबी वीस टक्क्यांनी वाढवावी लागणार. पंख्यांच्या, सत्तर आसनांच्या विमानाला मुळात सुमारे १,३०० मीटर लागतात. ते साडेपंधराशे-सोळाशे झाले. मोठ्या जेट विमानाला मुळात २,१०० च्या आसपास लागतात. ते अडीच हजार झाले. शिर्डीची आणि सिंधुदुर्गातील चिपीची धावपट्टी प्रत्येकी २,५०० मीटर का, याचे उत्तर या त्रैराशिकात आहे. अमरावतीजवळच्या बेलोऱ्याची धावपट्टी १,८५० मीटर आहे आणि एप्रिल २०२५ मध्ये तेथून पंख्यांच्या विमानाची सेवा सुरू झाली, त्याचेही उत्तर येथेच आहे.

पण लांबी म्हणजे जमीन नव्हे. १,८०० मीटरची माफक धावपट्टी घेतली, तरी तिच्या दोन्ही टोकांना ६० मीटर मोकळा पट्टा आणि त्यापुढे विमान घसरून गेले तर सुरक्षित राहावे म्हणून २४० मीटर जागा ठेवण्याचा संकेत आहे. एकूण २,४०० मीटर. आडवा पट्टा २८० मीटरचा धरला, तर ही झाली ६७ हेक्टर जमीन, म्हणजे १६६ एकर. साडेसहा हजारांहून अधिक गुंठे! यात इमारत नाही, विमाने उभी करण्याची फरसबंदी नाही, रस्ता नाही, दिव्यांची रांग नाही. ती सर्व धरली की शंभर हेक्टरांचा आकडा सहज ओलांडला जातो. शिवाय ही जमीन सपाट हवी, एका सरळ रेषेत हवी आणि तिच्या दोन्ही टोकांना डोंगर नको. पेण-रोह्याच्या भूगोलात सह्याद्रीच्या फाट्यांना टाळून अशी सरळ, सपाट जमीन कोठे मिळते? अंबा आणि कुंडलिका यांच्या खोऱ्यांत, भाताच्या खाचरांत, आणि पेणच्या खारेपाटात. डोंगर सोडून उरते ते नेमके शेत. हा योगायोग नव्हे, हा धावपट्टीचा स्वभावच आहे. आणि म्हणूनच विमानतळाचा प्रश्न हा सर्वप्रथम जमिनीचा प्रश्न असतो.

खारेपाटाची जमीन नकाशावर ‘सखल’ आणि ‘पडीक’ अशा विशेषणांनी नोंदवली जाते. ज्यांनी ती घडवली त्यांच्या दृष्टीने तिचा इतिहास वेगळा आहे. समुद्राचे पाणी बांध घालून रोखायचे, पावसाच्या गोड्या पाण्याने वर्षानुवर्षे मीठ धुऊन काढायचे, बांध फुटला की गावाने धावून जायचे, असा पिढ्यांचा श्रम त्या मातीत मुरलेला आहे. उधाणात बांधाला खांड पडली की एका रात्रीत शेत पुन्हा खाऱ्या पाण्याखाली जाते. अशा शेताचा मोबदला ठरवताना त्या बांधावर खपलेल्या हातांची नोंद कोणत्या रकान्यात होते? सन १९३३ पासून सहा वर्षे अलिबाग तालुक्यातील चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध संप केला आणि जमिनी पडीक ठेवल्या, तो याच खारेपाटाच्या टापूत. जमीन कसणाऱ्याचा अधिकार काय असतो, हे या जिल्ह्याने पुस्तकातून शिकलेले नाही.

क्षमतेच्या हव्यासात पाण्याचे काय होते, याचे धडे जवळच उपलब्ध आहेत. मुंबईच्या विमानतळाखालून मिठी नदी जाते. धावपट्टीसाठी नदीला वाकवून, आवळून नेले आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कुर्ला-कलिन्याच्या वस्त्यांनी काय सोसले ते सर्वांनी पाहिले. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी फोडली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, खाडीकाठची खारफुटी आणि पाणथळ जमीन भरावाखाली गेली. २०१८ च्या पावसाळ्यापासून डुंगी गावात पाणी शिरू लागले आणि हे भरावामुळे होत आहे, अशी तेथील ग्रामस्थांची तक्रार राहिली. मात्र याच विमानतळाच्या कथेत एक लक्षात ठेवण्याजोगा प्रसंग आहे. मूळ आराखड्यात दोन समांतर धावपट्ट्यांमधील अंतर १,८०० मीटर होते आणि त्यासाठी गाढी नदीही वळवावी लागणार होती. २०१० च्या पर्यावरण मंजुरीच्या वेळी वाद झाला, हे अंतर सुमारे १,५५० मीटरवर आणण्यात आले आणि गाढी वाचली. जे अंतर काल अपरिवर्तनीय तांत्रिक सत्य म्हणून सांगितले जात होते, ते कोणीतरी खडसावून विचारल्याबरोबर अडीचशे मीटरनी आक्रसले. आणि तरीही दोन्ही धावपट्ट्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येतील एवढे ते उरले! तज्ज्ञांच्या आकड्यांबद्दल आदर असावा. पण ते आकडे दगडावरची रेघ नसतात, एवढे यावरून ध्यानात घ्यावे.

या विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, कोपर, कोल्ही, चिंचपाडा आदी दहा गावांना घरे सोडावी लागली. त्यांना साडेबावीस टक्के विकसित भूखंडाचा मोबदला मिळाला, तो सिडकोच्या औदार्यामुळे नव्हे. १९७० पासून ९५ गावांची जमीन संपादन झाली, १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात गोळीबार होऊन पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली साडेबारा टक्क्यांचे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले, त्या लढ्याच्या पायावर तो मोबदला उभा आहे. विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे म्हणून २४ जून २०२१ रोजी हजारो भूमिपुत्रांनी सिडको भवनावर धडक दिली, ती केवळ नावासाठी नव्हती. पण पेण-रोह्याच्या शेतकऱ्याने त्या टक्केवारीवर विसंबून राहू नये. ती महानगराच्या काठावरची जमीन होती, तिच्या भूखंडाला बाजार होता. कुंडलिकेच्या खोऱ्यातल्या, दिवसाला दोन विमाने येणाऱ्या धावपट्टीशेजारच्या भूखंडाला कोणता बाजार असेल?

दोन विमाने हा शब्दप्रयोग अतिशयोक्तीचा नाही. चिपीकडे पाहावे. सिंधुदुर्गाच्या त्या माळावरील विमानतळाची जमीन २००९ साली ९५ वर्षांच्या कराराने खासगी कंपनीकडे गेली. अडीच हजार मीटरची धावपट्टी झाली, आणि प्रत्यक्ष उद्घाटन झाले ९ ऑक्टोबर २०२१ रोजी. केंद्राच्या ‘उडान’ योजनेखाली मुंबईची फेरी सुरू झाली. योजनेची तीन वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२४ अखेर ती फेरी बंद पडली. अन्य शहरांच्या फेऱ्या त्यानंतर कमी-अधिक होत राहिल्या. दरम्यान डिसेंबर २०२२ मध्ये शेजारी मोपाचे उद्घाटन झाले होते, तेव्हा सावंतवाडीच्या प्रवाशाला चिपीला जाण्याचे प्रयोजनही फारसे उरले नव्हते. २००९ मध्येच नांदेड, लातूर, बारामती, उस्मानाबाद आणि यवतमाळ येथील विमानतळही अशाच ९५ वर्षांच्या करारांनी एका बड्या उद्योगसमूहाच्या कंपनीला देण्यात आले. पंचाण्णव वर्षे! कुळाला जमिनीचा हक्क देताना शंभर कागद मागणारे सरकार चार पिढ्यांचे करार एका सहीने करते.

हा महाराष्ट्रापुरता अनुभव नाही. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ साली ‘उडान’ योजनेचा हिशेब मांडला. दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी केवळ ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पुरी केली. आणि सरकारी अनुदान थांबल्यावर मार्च २०२३ पर्यंत टिकून राहिले ते अवघे ५४. शंभरात सात! एखाद्या सहकारी सोसायटीच्या सचिवाने असा ताळेबंद सर्वसाधारण सभेत ठेवला असता, तर त्याला सभेतून घरी जाणे कठीण झाले असते. विमानाच्या बाबतीत मात्र हा ताळेबंद वाचून पुढच्या दहा विमानतळांची घोषणा होते.

पेण-रोह्यातून हवेतून जाण्याजोगे आहे तरी काय? पेणच्या गणेशमूर्ती परदेशी जातात; पण त्यांतील मोठा भाग उत्सवाच्या कित्येक महिने आधी पेटाऱ्यांत बंद होऊन जहाजाने जातो, आणि त्याला न्हावा-शेवा बंदर हाकेच्या अंतरावर आहे. पेणचे पोहे-पापड टेम्पोने जातात. धाटावच्या कारखान्यांची रसायने टँकरने जातात आणि ती विमानात कोणी घेणारही नाही. रोह्याचा माणूस मुंबईस जातो तो एस.टी.ने किंवा दिवा-रोहा गाडीने. सव्वाशे किलोमीटरसाठी कोणी विमानात बसत नाही. रोहा, मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा या तालुक्यांतून पोटासाठी आखातात जाणारे पुष्कळ आहेत, त्यांना विमान लागते हे खरे. पण त्यांना दुबई-मस्कतला जाणारे मोठे विमान लागते, आणि ते रोह्याच्या धावपट्टीवर कधीच उतरणार नाही.

मग ही मागणी कोणाची असू शकेल? याचे उत्तर मुंबईच्या गर्दीत सापडते. तेथे तासाच्या हालचाली प्रवासी विमानांनीच भरून जातात, त्यामुळे उद्योगपतींच्या खासगी विमानांना गर्दीच्या वेळी उतरण्याला मर्यादा आणि उभे राहण्याला जागा अपुरी. १९२८ साली स्थापन झालेला जुहूचा विमानतळ, जेथे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांचे टपालाचे विमान कराचीहून येऊन उतरले, तो आज मुख्यतः हेलिकॉप्टरांपुरता उरला आहे. अशा महानगरांच्या भोवती ‘भार हलका करणारे’ लहान विमानतळ बांधण्याची रीत परदेशांत आहे. महानगराजवळच्या लहान धावपट्टीला खरी मागणी असते ती या वर्गाची: खासगी विमाने ठेवण्याचा गोठा, आणि आठवड्याच्या अखेरीस अलिबाग-मुरुडच्या बंगल्यांकडे जाण्याचा दरवाजा. या वर्गाला विमान बाळगण्यास कोणी मनाई केलेली नाही. परंतु त्याच्या गोठ्यासाठी कुळकायद्याने मिळालेली जमीन ‘सार्वजनिक प्रयोजना’च्या कलमाखाली घेतली जाणार असेल, तर त्या सार्वजनिक या शब्दाचा अर्थ सरकारला विचारावाच लागेल.

आणि विचारणार कोण? अमेरिकेत गावोगावी जे लहान विमानतळ आहेत, त्यांतील बहुतेकांची मालकी तेथील नगरपालिकांची किंवा परगण्यांची असते; धावपट्टी वाढवायची की नाही यावर नगरसभेत वाद होतो, कर्जरोख्यांवर मतदारांचा कौल घेतला जातो आणि नियोजनकाराला नागरिकांपुढे उभे राहून आकड्यांचे समर्थन करावे लागते. भारतीय संविधानात विमानतळाची तरतूद संघसूचीच्या २९ व्या नोंदीत आहे. जमीन हा विषय राज्यसूचीत, भूसंपादन समवर्ती सूचीत, आणि ग्रामपंचायत वा नगरपरिषद यांपैकी कोठेच नाही. पेण किंवा रोहा-अष्टमी नगरपरिषदेच्या वाट्याला येईल तो विमानतळाचा कचरा, त्याची पाण्याची मागणी आणि भोवतालच्या इमारतींच्या उंचीवरील निर्बंध. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने खासगी प्रकल्पासाठी ऐंशी टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी सत्तर टक्के बाधितांची संमती व सामाजिक परिणामांची तपासणी आवश्यक केली. पण महाराष्ट्रात औद्योगिक विकास महामंडळ आपल्या १९६१ च्या स्वतंत्र कायद्याने जमीन घेते, त्या वाटेवर ही संमतीची चौकी लागतच नाही. राज्यातील कित्येक लहान विमानतळ याच महामंडळाच्या हातून झाले, ही गोष्ट कार्यकर्त्यांनी टिपून ठेवावी.

पेण तालुक्याला संमतीचा अर्थ मात्र ठाऊक आहे. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी पेण, उरण, पनवेल तालुक्यांतील पंचेचाळीस गावांची जमीन घेण्याचा घाट घातला गेला, तेव्हा प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखे नेते आणि गावोगावचे शेतकरी उभे राहिले. २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील पेणच्या २२ गावांत सरकारला मतदान घ्यावे लागले. ज्याची जमीन त्याला मतपत्रिका, असा तो प्रसंग होता. पुढे २००९ मध्ये संपादनाची मुदत उलटून गेली आणि जमीन वाचली. विनोबांचा जन्म याच तालुक्यातील गागोद्याचा. भूदान मागत हिंडलेल्या त्या माणसाच्या तालुक्यात जमीन न देण्याचा अधिकार मतपेटीतून सिद्ध व्हावा, यात विसंगती नाही, कारण दान आणि संपादन यांत मागणाऱ्याच्या हातातला फरक असतो.

त्यानंतर जमिनीवरची नजर हटली असे मात्र नाही, तिचे मार्ग बदलले. जानेवारी २०१३ मध्ये विमानतळ-प्रभावित क्षेत्र म्हणून २७० गावे अधिसूचित झाली, त्यांत पेण तालुक्यातील गावेही होती. मार्च २०२४ मध्ये उरण, पनवेल आणि पेण या तालुक्यांतील १२४ गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला नवनगराचे अधिकार देण्यात आले. म्हणजे विमानतळ जेथे उभा आहे तेथेच त्याची जमिनीची भूक थांबत नाही, ती सावलीसारखी पसरत जाते. आणि पाण्याचीही तीच कथा. शेतीसाठी बांधलेल्या हेटवणे धरणाचे पाणी सिडकोच्या शहराला नळाने पोहोचते, आणि त्याच धरणाच्या तालुक्यातील खारेपाटात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. एका नव्या विमानतळाच्या आराखड्यात ‘पाणीपुरवठा: हेटवणे’ अशी दोन शब्दांची ओळ असेल. त्या दोन शब्दांमागे किती हंडे रिकामे राहतील, हे आराखडा करणाऱ्याला दिसणार नाही.

संकटकाळी धावपट्टी उपयोगी पडेल, असा एक युक्तिवाद केला जातो आणि तो टाळून चालणार नाही. हा जिल्हा आपत्तींचा जिल्हा आहे. २०१६ साली महाडजवळचा सावित्रीवरील पूल वाहून गेला, ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने कौले आणि बागा उडवल्या, २२ जुलै २०२१ रोजी तळीये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी डोंगराखाली गाडली गेली. परंतु इर्शाळवाडीला काय घडले? हवामानामुळे हेलिकॉप्टर उडू शकले नाही आणि बचावाची माणसे चिखलातून डोंगर चढून पायी गेली. अशा वेळी हवे असते ते तालुक्याच्या ठिकाणी पक्के हेलिपॅड, चालू अवस्थेतील रस्ता, सुसज्ज उपजिल्हा रुग्णालय आणि धोक्याच्या वाड्यांचे आधीच केलेले पुनर्वसन. शंभर हेक्टरांच्या धावपट्टीच्या खर्चात यांतील किती गोष्टी बसतील, याचा तौलनिक हिशेब प्रशासनाने प्रथम मांडावा. वैमानिक-प्रशिक्षणातून रोजगार मिळेल, असेही म्हटले जाते. बारामतीत प्रशिक्षण चालते, हे खरे. पण त्यासाठी अस्तित्वात असलेल्या आणि दिवसचे दिवस ओस पडणाऱ्या धावपट्ट्या राज्यात पुरेशा आहेत.

विमानाला विरोध करण्याचे कारण नाही. आखातात जाणाऱ्या सुताराला, परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलीला विमान हवेच. नवी मुंबईच्या पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची आहे आणि अंतिम टप्प्याची नऊ कोटींची सांगितली जाते. त्यात पेण-रोह्याचे सर्व प्रवासी कोणाच्या लक्षातही न येता सामावतील. त्यांना नवी धावपट्टी नको, आहे त्या धावपट्टीपर्यंत पोहोचण्याची वाट हवी. रोहा ते पनवेल लोहमार्ग सुमारे ७५ किलोमीटरचा, तोही दुहेरी झालेला. परंतु हा मार्ग कोकण रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचा आणि मालगाड्यांचा. स्थानिक माणसाची दिवा-रोहा गाडी त्यांना वाट देत बाजूला उभी राहते. क्षमतेचे नियोजन करावयाचेच असेल तर ते येथे करावे. रोह्यापर्यंत उपनगरी वारंवारितेच्या गाड्यांची जुनी मागणी येथे आहे, पनवेलला उतरल्यावर विमानतळाजवळच्या तरघर स्थानकाकडे जाण्यासाठी जो द्राविडी प्राणायाम करावा लागतो त्याचा प्रश्न येथे आहे, रोहा आणि पेण आगारांतून विमानांच्या वेळा पाहून सुटणाऱ्या एस.टी. गाड्यांचा प्रश्न येथे आहे. त्यासाठी एक गुंठाही जमीन शेतकऱ्याकडून घ्यावी लागत नाही, बहुधा म्हणूनच त्याच्या घोषणेला कोणी मंत्री येत नाही.

येत्या काळात विमानतळाचा प्रस्ताव कोणत्याही नावाने या दोन तालुक्यांत आला, तर ग्रामसभांनी ठराव करून काही कागद मागावेत. कोणत्या विमानासाठी किती लांबीची धावपट्टी. पहिल्या दहा वर्षांत दिवसाला किती विमाने आणि त्यांचे अनुदान थांबल्यावर किती. चिपी, नांदेड, शिर्डी, बेलोरा यांच्या मूळ अंदाजांशी प्रत्यक्ष प्रवासीसंख्येचा ताळा. अंबा-कुंडलिकेच्या महापूर-रेषेचा नकाशा धावपट्टीच्या नकाशावर ठेवून. आणि संपादन २०१३ च्या कायद्याने होणार की १९६१ च्या. हे कागद मराठीत, सभेच्या निदान महिनाभर आधी, चावडीवर लावलेले असावेत. २००८ मध्ये बावीस गावांनी मतपेटी मागितली होती, तेव्हाही प्रथम हसणारे पुष्कळ होते.